थायरॉइड जास्त, धीर कमी

गेल्या काही महिन्यांत व्हिडिओ कॉलवर माझं सगळ्यात जास्त कौतुक झालं ते वजनासाठी. "बारीक झालीस गं, छान दिसतेयस," आई म्हणाली, मावशी म्हणाली, आणि माझ्या वजनाची लग्नापासून नोंद ठेवणाऱ्या एक लांबच्या काकूही म्हणाल्या. मी काहीही केलं नव्हतं. उलट भूक वाढली होती आणि दुप्पट खात होते. ब्रिटनच्या ऐन थंडीत रात्री मी खिडकी उघडायची आणि नवरा स्वेटर चढवून झोपायचा. हात किंचित थरथरायचे, बसल्या बसल्या नाडी शंभरच्या पुढे जायची, झोप पहाटे कधीतरी लागायची. आणि पाळी, जिच्याकडे हल्ली आम्हा दोघांचंही भलतंच लक्ष असतं, ती नेहमीपेक्षा कमी आणि लवकर आटपायला लागली होती. एकेक लक्षण सुटं घेतलं तर प्रत्येकाला कारण होतं: ऑफिस, मूल राहत नाही याची काळजी, परकी हवा. ती सगळी एका रांगेत मांडून बघितली ती आमच्या जीपीबाईंनी.

तिकडच्यांसाठी सांगते. आपल्याकडे मनात आलं की लॅबमध्ये जाऊन टीएसएच ही थायरॉइडसाठीची रक्तचाचणी करून घेता येते आणि रिपोर्ट हातात घेऊन थेट तज्ज्ञाकडे जाता येतं. इथे आधी जीपी, म्हणजे आपला नेमून दिलेला फॅमिली डॉक्टर. रक्त तपासायचं का, काय तपासायचं, पुढे पाठवायचं का, हे तो ठरवणार. मला ही पद्धत आधी फार खुपायची, आता थोडी कमी खुपते. गंमत म्हणजे रिपोर्ट मात्र डॉक्टरांचा फोन यायच्या आधी आपल्याच मोबाइलवर येऊन पडतो. माझा आला शुक्रवारी संध्याकाळी. टीएसएच ०.०१ पेक्षा कमी. खाली एक ओळ, की डॉक्टरांशी संपर्क साधा. आणि दवाखाना सोमवारपर्यंत बंद.

ते दोन दिवस मी काय केलं असेल हे सांगायची गरज नाही, तुमच्याकडेही इंटरनेट आहे.

टीएसएच हे थायरॉइडचं हार्मोन नाहीच, ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून येतं. थायरॉइडने किती काम करायचं याचा तो हुकूम. साधारण ०.४ ते ४ च्या आसपास तो असावा लागतो. थायरॉइड आळसावली की हुकूम वाढतो, म्हणून हायपोथायरॉइडमध्ये टीएसएच जास्त दिसतो. माझ्याकडे उलटं होतं. थायरॉइड बहुधा न सांगताच इतकं हार्मोन सोडत होती की पिट्युटरीने हुकूम देणंच थांबवलं होतं. पण 'बहुधा'च. एका टीएसएचवरून निदान होत नाही, सोबत टी४ आणि टी३, म्हणजे थायरॉइडची स्वतःची हार्मोन्स, बघावे लागतात, आणि तेही वाढले असतील तर ते कशामुळे वाढले हे शोधावं लागतं.

सोमवारी जीपीबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो मला अजिबात अपेक्षित नव्हता. "तुम्ही गरोदर असण्याची शक्यता आहे का?"

त्यामागचं कारण असं, की गर्भ राहिल्यावर शरीरात जे एचसीजी तयार होतं, तेच जे घरच्या प्रेग्नन्सी टेस्टमध्ये दिसतं, त्याची घडण टीएसएचशी बरीच मिळतीजुळती असते. थायरॉइड त्यालाही थोडा प्रतिसाद देते. त्यामुळे पहिल्या तीन महिन्यांत कित्येकींचा टीएसएच आपोआप खाली जातो आणि नंतर पूर्ववत होतो, औषध लागत नाही. म्हणजे ज्या आकड्याने मी दोन दिवस रडले होते, तोच आकडा आनंदाची बातमीही असू शकत होता. बाईंनी तिथल्या तिथे टेस्ट करायला लावली. बाथरूममधून बाहेर येईपर्यंतच्या त्या मिनिटांत मी बाळाचं नाव सोडून बाकी सगळं ठरवून टाकलं होतं. टेस्ट निगेटिव्ह आली. त्यांनी ती कचऱ्यात टाकली आणि शांतपणे दुसरा प्रश्न विचारला: केसांसाठी, नखांसाठी काही गोळ्या घेता का?

घेत होते. केस गळत होते म्हणून. (थायरॉइड बिघडल्यावरही केस गळतात, हे वर्तुळ माझ्या लक्षात नंतर आलं.) त्या गोळ्यांमध्ये बायोटिन असतं, आणि थायरॉइडच्या बऱ्याच चाचण्या ज्या पद्धतीने केल्या जातात, त्यात जास्त बायोटिन गोंधळ घालतं. टीएसएच खोटा कमी आणि टी४, टी३ खोटे जास्त दिसू शकतात, म्हणजे धडधाकट बाईच्या रिपोर्टवर आजाराचं हुबेहूब चित्र. चाचणीच्या किमान दोन दिवस आधी ते बंद ठेवायचं असतं. ही एक गोष्ट तुमच्यापैकी कुणी थायरॉइड तपासायला जाणार असेल तर नक्की लक्षात ठेवा, कारण रक्त घेणारे नेहमी विचारतातच असं नाही. मी गोळ्या थांबवल्या, पुन्हा रक्त दिलं. टी४ आणि टी३ दोन्ही वरच होते. बायोटिन निर्दोष सुटलं.

आता उरल्या त्यात मुख्य शक्यता दोन. एक म्हणजे थायरॉइडला तात्पुरती सूज. त्यात साठवलेलं हार्मोन नुसतं बाहेर सांडतं, काही आठवड्यांनी साठा संपतो आणि बहुतेक वेळा सगळं आपोआप मार्गी लागतं. दुसरी म्हणजे ग्रेव्हज, ज्याचं वर्णन डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये केलं. यात आपलीच प्रतिकारशक्ती अशा अँटिबॉडीज बनवते, ज्या थायरॉइडला सतत चेतवत राहतात. ग्रंथीत गाठी असतील तर आणखी एक शक्यता, पण माझ्या गळ्याला तसं काही हाताला लागलं नाही. दोन्हींत फरक करण्यासाठी अँटिबॉडीजची रक्तचाचणी असते. त्या रिपोर्टची मी वाट बघतेय.

दरम्यान घरी सांगणं आलं. आपल्याकडे थायरॉइड म्हटलं की शंभरातल्या नव्वद जणांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं: वजन वाढलेली, थकलेली बाई आणि सकाळी उपाशीपोटी एक गोळी. आमच्या कुटुंबात अशा चौघी-पाचजणी आहेत आणि त्या सगळ्या मला सल्ला द्यायला सरसावल्या. "घाबरू नकोस बाळा, गोळी चालू केली की दोन महिन्यांत राहील, माझं तसंच झालं," मावशी म्हणाली. तिचा हेतू सोन्यासारखा आहे. पण तिची गोळी म्हणजे बाहेरून दिलेलं थायरॉइड हार्मोन. मला नको असलेली एकमेव गोष्ट तीच आहे. एका वहिनींनी समुद्रशेवाळाच्या कॅप्सूल सुचवल्या, नैसर्गिक म्हणून. त्यात आयोडीन ठासून भरलेलं असतं, आणि जास्त चालणाऱ्या थायरॉइडला ते देणं म्हणजे पेटलेल्या चुलीत लाकडं सारणं. मी प्रत्येकीला हे समजावून सांगायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. आता सगळ्यांना "डॉक्टरांना विचारते हं" एवढंच म्हणते. चांगलं चालतं.

जे अजून नीट कुणाला सांगता आलेलं नाही, ते वेगळंच आहे. ग्रेव्हज निघाला तर इथे नेहमी पहिलं औषध दिलं जातं ते कार्बिमाझोल. औषध चांगलं आहे, जुनं आहे. पण गरोदरपणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत, विशेषतः साधारण सहाव्या ते दहाव्या आठवड्यात, ते पोटात असेल तर बाळात जन्मजात दोष राहण्याचा धोका वाढतो. म्हणून २०१९ मध्ये इथल्या औषध नियामकांनी स्पष्ट सूचना काढली, की मूल होऊ शकणाऱ्या बाईने हे औषध चालू असताना खात्रीचं गर्भनिरोधक वापरावं. जीपीबाईंनी अगदी सहज विचारलं, "सध्या कुठलं गर्भनिरोधक वापरता?" मी त्यांच्याकडे बघत राहिले. ओव्ह्युलेशनच्या पट्ट्यांचं खोकं बाथरूममध्ये, चौतिशी गाठलेली, आणि मला विचारतायत निरोधक कुठलं!

औषध अजून सुरू झालेलं नसतानाही त्यांनी सध्या थांबायलाच सांगितलंय. थायरॉइड ताब्यात नसताना गर्भ राहिला तर गर्भपात, रक्तदाब वाढणं, बाळ लवकर किंवा कमी वजनाचं जन्मणं, हे सगळे धोके वाढतात. हे पटतं. रात्री दोन वाजता पटत नाही.

पर्याय आहेत, आणि ते कळल्यावर मला श्वास घेता आला. प्रोपिलथायोयुरॅसिल नावाचं दुसरं औषध आहे, ज्याला सगळे पीटीयू म्हणतात. पहिल्या तिमाहीत त्याला पसंती देतात, कारण त्याने होणारे दोष तुलनेने कमी गंभीर असतात. मात्र क्वचित ते यकृताला जबर इजा करतं, त्यामुळे तेही गोळी बदलली आणि झालं असं नाही. शस्त्रक्रियेने ग्रंथी काढून टाकता येते, मग आयुष्यभर मावशीचीच गोळी. किरणोत्सारी आयोडीनने ग्रंथी निकामी करता येते, पण त्यानंतर सहा महिने गर्भ राहू द्यायचा नाही आणि अँटिबॉडीज नंतर बराच काळ वाढलेल्या राहू शकतात. या अँटिबॉडीज वारेतून बाळापर्यंत पोचतात, म्हणून ग्रंथी काढलेल्या बाईच्याही गरोदरपणात त्या तपासतात. गोळ्यांचा कोर्स साधारण बारा ते अठरा महिन्यांचा, आणि तो संपल्यावर जवळपास निम्म्या जणांत आजार परत येतो. एक बातमी मात्र मला फार आवडली: गरोदरपणाच्या उत्तरार्धात प्रतिकारशक्ती थोडी नमतं घेते आणि ग्रेव्हज पुष्कळदा आपोआप सौम्य होतो. बाळंतपणानंतर तो उसळू शकतो, पण ते तेव्हाचं तेव्हा.

म्हणून तुमच्यापैकी कुणी याच वाटेवर असेल तर माझं आग्रहाचं सांगणं एकच. मूल हवंय हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. विचारतील तेव्हा सांगू असं करू नका. औषध कुठलं, किती काळ, ऑपरेशन आधी की नंतर, हे सगळं त्या एका माहितीवर फिरतं. परदेशात असाल तर जास्तच, कारण तिथे आपल्या घरच्यांना ओळखणारा, "सूनबाई, पाळणा कधी" असं विचारणारा डॉक्टर नसतो. समोरची व्यक्ती पडद्यावरचा तुमचा आकडा बघत असते.

या आजारातली सगळ्यात विचित्र गोष्ट मला वाटते ती मनाची. थायरॉइड जास्त असलं की चिडचिड होते, रडू येतं, छाती उगाच धडधडते. आणि मूल राहत नसतानाही हेच सगळं होतं. मी परवा ऑफिसमधल्या एका सहकारिणीच्या बाळाचा फोटो बघून जिन्यात जाऊन रडले. ते हार्मोन होतं की मी होते? नवऱ्याने एकदा, काळजीनेच, "हे थायरॉइड बोलतंय का?" असं विचारलं आणि त्या संध्याकाळी आमचं कडाक्याचं भांडण झालं. त्या वाक्यावर आता घरात बंदी आहे. माझं दुःख खरं धरायला रक्ताचा रिपोर्ट लागू नये, असं माझं मत आहे. धडधडीसाठी जीपीबाईंनी प्रोप्रॅनोलॉल दिलंय. ते थायरॉइडला बरं करत नाही, नाडी तेवढी आवरतं. गर्भ राहिला तर लगेच कळवायचं, या अटीवर. त्याने निदान झोप लागते.

बाकी मी फार काही शहाणपणाचं करत नाही. ओव्ह्युलेशनचं ॲप काढून टाकलं. फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची रोजची गोळी चालू ठेवली, कारण ती गर्भ राहण्याच्या आधीपासूनच घ्यायची असते आणि थांबण्याचा काळ तिच्यासाठी वाया जात नाही. गर्भधारणेसाठीच्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये आयोडीन असतं, ते घ्यायचं की नाही हा प्रश्न तज्ज्ञांसाठी राखून ठेवलाय. रात्री दहानंतर थायरॉइडविषयी वाचायचं ते नवऱ्याने, आणि मला सांगायचं ते सकाळी.

एंडोक्रायनॉलॉजिस्टच्या, म्हणजे हार्मोनच्या तज्ज्ञाच्या, भेटीचं पत्र आलंय. माझ्या वहीत प्रश्न वाढत चाललेत. कार्बिमाझोल सुरू केलं तर पीटीयूवर कधी बदलायचं, गर्भ राहण्याआधी की टेस्ट पॉझिटिव्ह आल्या दिवशी? औषध घेताना घसा दुखून ताप आला तर थेट कुठे जायचं? (दोन्ही औषधांनी क्वचित पांढऱ्या पेशी एकदम घटतात, तेव्हा गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासावं लागतं. हे नवऱ्यानेही पाठ केलंय.) माझं वय बघता आधी ऑपरेशन करून मोकळं व्हावं का? नवऱ्याचा प्रश्न एकच आहे, पुन्हा प्रयत्न कधीपासून. त्याचं ढोबळ उत्तर मी वाचलंय: औषधाचा डोस न बदलता, किमान महिन्याच्या अंतराने दोनदा रिपोर्ट नॉर्मल आले की. तरी तो तिथे विचारणारच आहे, डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचंय त्याला.

आईला थायरॉइडचं कळलंय. प्रयत्न थांबवलेत हे अजून नाही. ते या रविवारच्या कॉलवर नवरा सांगणार आहे, माझ्या आईलाही आणि त्याच्या आईलाही. मी तेव्हा शेजारच्या खोलीत, खिडकी उघडी टाकून.