घे की!

फेब्रुवारी सरत आला की आमच्या घरी चादरींचा रविवार असतो. थंडी, म्हणजे सोलापुरात जिला थंडी म्हणायची पद्धत आहे ती, सिद्धेश्वराच्या गड्ड्याबरोबर, म्हणजे जानेवारीतल्या यात्रेबरोबर, येते आणि गड्डा उठला की तीही बाडबिस्तरा गुंडाळते. मग घरातल्या सहा चादरी बाथरूममध्ये पसरून पायांनी तुडवायच्या, गच्चीवर वाळत घालायच्या आणि संध्याकाळी घड्या करून कपाटाच्या वरच्या कप्प्यात कोंबायच्या. तुडवणं एकटीचं काम. वाळत घालणंही दोरी मजबूत असेल तर एकटीचं. घडी मात्र एकटीला होत नाही. साधी बेडशीट हनुवटीखाली धरून जमते. सोलापुरी चादर हनुवटीखाली धरली तर चादर जागेवर राहते आणि मान खाली येते.

या कामात माझ्या जोडीदार म्हणजे सासूबाई. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, ताणून मागं सरकायचं, एक सणसणीत झटका द्यायचा, की उन्हाचा वास आणि थोडे धागे हवेत उडतात. मग टोकाला टोक लावून एकमेकींकडे चालत यायचं. एकीनं आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची आणि वाकून खाली लोंबणारी दुमड उचलायची. पुन्हा मागं, पुन्हा पुढं. बघणाऱ्याला वाटेल, दोन बायकांचा काहीतरी संथ नाच चालू आहे.

वाकायचं कुणी, हे आमच्यात कधी बोलून ठरलेलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी एकदा दोघीही वाकलो आणि कपाळं आपटली. पुढच्या वर्षी दोघींनीही सोडली, कारण दोघींनाही वाटलं की दुसरीनं धरलीय. "घे की!" आई म्हणाल्या. "तुम्ही घ्या की!" मी म्हणाले. तोवर धुतलेली चादर गच्चीच्या धुळीत. पुढं कधीतरी ते आपोआप जमलं. अलीकडे त्यांचे गुडघे बोलतात, त्यामुळे वाकण्याचं खातं कायमचं माझ्याकडे आलंय.

यंदा तिसरी चादर हातात असताना लेक वर आली. खांद्यावर रॅकेटची बॅग, डोळे लाल.

"का रडलालीस गं?" आजीनं विचारलं. आजी चिंतेत पडल्या की त्यांची भाषा पक्की सोलापुरी होते.

"सरांनी मला डबल्सला टाकलं."

"टाकलं" हा शब्द तिनं असा काही उच्चारला, जसं कुणी अ तुकडीतून क तुकडीत टाकलं असावं. खरं सांगायचं तर माझ्याही तोंडून "अरेरे" निघून गेलं. गेली तीन वर्षं सकाळी सहाला स्कूटरवरून तिला कोर्टावर सोडते, पण टेनिस म्हणजे सिंगल्स आणि डबल्स म्हणजे उरलेल्यांची सोय, हे माझ्या डोक्यात कुणी आणि कधी भरलं देव जाणे. वर्तमानपत्रांनी भरलं असावं. सिंगल्स जिंकणाऱ्याचा करंडक चावतानाचा मोठा फोटो असतो आणि डबल्सच्या विजेत्यांची दोन नावं खाली बारीक टायपात, तीही 'आणि'नं जोडलेली.

गंमत अशी की आपल्या देशाचं टेनिस बरंचसं त्या बारीक टायपातच आहे. रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१ ला विम्बल्डनच्या उपांत्य फेरीपर्यंत गेले, पण ग्रँड स्लॅमचं, म्हणजे टेनिसच्या सगळ्यात मोठ्या चार स्पर्धांपैकी एखादीचं, सिंगल्सचं विजेतेपद अजून एकाही भारतीयाला मिळालेलं नाही. १९९७ ला महेश भूपती जपानच्या रिका हिराकीबरोबर पॅरिसमध्ये मिश्र दुहेरी जिंकला, तेव्हा आपलं ग्रँड स्लॅमचं खातं उघडलं. त्यानंतर लिअँडर पेसनं पुरुष दुहेरीत आठ आणि मिश्रमध्ये दहा अशी अठरा विजेतेपदं मिळवली. भूपतीची बारा, सानिया मिर्झाची सहा. सगळी जोडीनं मिळवलेली. हे सगळं मी त्या रात्री लेकीला ऐकवलं. तिनं मोबाइलवरून मान न उचलता "हं" केलं. तेराव्या वर्षी आकडेवारीनं कुणाचं समाधान होत नाही.

मग मी बार्शी काढली.

बार्शी म्हणजे आमच्या घरात आत्याचं गाव. इथून सत्तरेक किलोमीटर, भगवंताचं मंदिर, ज्वारी आणि दर दिवाळीला आत्याकडून येणारं शेंगांच्या चटणीचं पाकीट. जग जिंकायला निघावं असं काही त्या रस्त्यावर दिसत नाही. तरी प्रार्थना ठोंबरे तिथली. २०१४ च्या इंचॉन एशियाडमध्ये सानिया मिर्झाबरोबर महिला दुहेरीत तिनं कांस्यपदक मिळवलं आणि २०१६ ला सानियाचीच जोडीदार म्हणून ती रिओ ऑलिंपिकला गेली. पहिल्याच फेरीत समोर चीनच्या पेंग शुआई आणि झांग शुआई. ६-७, ७-५, ५-७. हरल्या, पण तिसऱ्या सेटमध्ये पाच गेम घेऊन.

तो सामना आम्ही रात्री टीव्हीवर बघितला होता, तेव्हा लेक मांडीवर झोपली होती. मला त्यातले फटके फारसे आठवत नाहीत. लक्षात राहिलं ते दोघींचं प्रत्येक पॉइंटनंतर जवळ येणं. पॉइंट मिळाला तरी टाळी, गेला तरी टाळी. पलीकडे सानिया, जिनं नुकतंच मार्टिना हिंगिसच्या साथीनं एकापाठोपाठ तीन ग्रँड स्लॅम जिंकलेले. अलीकडे आमच्या बार्शीची पोरगी. डबल्समधला सगळ्यात अवघड अवयव म्हणजे ते 'आणि', असं मला तेव्हा वाटलं. 'सानिया मिर्झा आणि' याच्या पुढचं नाव होऊन कोर्टावर उभं राहायचं, समोरच्या दोघी सगळे चेंडू तुझ्याकडेच मारणार हे माहीत असताना. कारण डबल्समध्ये पहिला डाव तोच असतो. जोडीतली कमी नावाची शोधायची आणि तिच्यावर मारत राहायचं.

"म्हणजे सगळे माझ्याकडे मारणार?" लेकीनं पहिल्यांदा मान वर केली.

"तुझ्या पार्टनरला विचार, तिलाही हीच भीती असेल."

नंतर दोन-चार दिवस मीच डबल्सच्या नादी लागले. त्यात एक गोष्ट हाती लागली, ती आमच्या जातीच्या लग्न जमवणाऱ्या बायकांना फार आवडेल. डबल्समध्ये जोडी खेळते, जोडी जिंकते, बक्षिसाचा चेकही जोडीचा म्हणून जाहीर होतो आणि मग अर्धा-अर्धा होतो. जागतिक क्रमवारी मात्र ज्याची त्याची वेगळी. मोठ्या स्पर्धेत प्रवेश मिळवायचा तर दोघांच्या क्रमांकांची बेरीज बघतात. बेरीज जितकी कमी तितकं बरं. त्यामुळे खेळाडू सतत हिशोब मांडून असतात की आपला आकडा अमुक, त्याचा तमुक, जमेल का? म्हणजे पत्रिकाच की! आणि सिंगल्सचं कोर्ट २७ फूट रुंद असतं, डबल्सला दोन्ही बाजूंच्या साडेचार-साडेचार फुटांच्या पट्ट्या धरून ते होतं बरोबर ३६ फूट. छत्तीस गुण जुळलेल्यांसाठी छत्तीस फूट अंगण. नियम करणाऱ्या साहेबांना याची कल्पना नसणार.

पण छत्तीसचा आपल्याकडे दुसराही अर्थ आहे. ३ आणि ६, पाठीला पाठ लावून बसलेले. पेस आणि भूपती १९९९ ला चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत गेले, त्यातलं पॅरिस आणि विम्बल्डन जिंकले. जिंकले की दोघं उडी मारून छातीवर छाती आपटायचे. आमच्या कॉलेजात पोरं कॅरम जिंकल्यावरही तसंच करायची. मग त्यांचं बिनसलं. का बिनसलं यावर सगळ्या देशानं इतकं चघळलंय की मी त्यात पडत नाही. मला आश्चर्य दुसऱ्याच गोष्टीचं वाटतं. बोलणं बंद असल्याच्या काळातसुद्धा डेव्हिस कपला, म्हणजे देशादेशांच्या सांघिक स्पर्धेत, हे दोघं एकत्र उतरले की जिंकायचे. तिथं जोडीनं सलग २४ सामने जिंकल्याचा त्यांचा विक्रम आहे. अशी कुटुंबं आपल्या पाहण्यात असतात. जावा-जावा एकमेकींचं तोंड बघत नाहीत, पण लग्नकार्यात पंगतीला वाढायला लागल्या की एकीचा भात संपायच्या आत दुसरीचं वरण हजर.

हे सगळं मी पुढच्या रविवारी घडी घालता घालता आईंना सांगत होते. (आधी पाच चादरी झाल्या होत्या, सहावी ओली निघाली म्हणून राहिली होती.) पेस-भूपतींमध्ये त्यांना रस नव्हता. रोहन बोपण्णाचं नाव काढलं तेव्हा मात्र त्यांनी चादर खाली धरली.

"गुडघ्याचं काय म्हणालीस?"

तर बोपण्णा. कूर्गचा. घरची कॉफीची बाग. उंच, धिप्पाड, सर्व्हिस तोफेसारखी. २०१० ला पाकिस्तानच्या ऐसाम उल हक कुरेशीबरोबर अमेरिकन ओपनच्या अंतिम फेरीत पोचला आणि ब्रायन बंधूंकडून हरला. ते ब्रायन जुळे, एक डावखुरा, एक उजवा. निसर्गानंच डबल्ससाठी घडवलेले. २०१७ ला बोपण्णाला मिश्र दुहेरी मिळाली, पण पुरुष दुहेरी काही मिळेना. गुडघ्यांतली कूर्चा झिजून गेलेली. एका वर्षी तर पाच महिने एकही सामना जिंकता आला नाही आणि त्यानं बायकोला व्हिडिओ पाठवून सांगितलं की आता बास करतो. मग बास केलं नाही. पुण्याच्या अय्यंगारांच्या पद्धतीचा योग सुरू केला, दुखणं आटोक्यात आलं, ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू एब्डन हा जोडीदार मिळाला. आणि जानेवारी २०२४ ला मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात दोघांनी बोलेली-वावासोरी या इटालियन जोडीला ७-६, ७-५ असं हरवलं. तेव्हा बोपण्णा ४३ वर्षांचा होता. त्याच आठवड्यात तो दुहेरीच्या क्रमवारीत पहिला झाला, त्या जागेवर प्रथमच पोचलेला सगळ्यात वयस्कर माणूस. एब्डन त्याच जोडीतला, तोच करंडक उचललेला, पण पहिला क्रमांक बोपण्णाचा एकट्याचा. आकड्यांना 'आणि' कळत नाही. १ नोव्हेंबर २०२५ ला, पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यानं खेळ थांबवला.

"त्रेचाळीस म्हणजे काय वय आहे का गुडघे दुखायचं," आई म्हणाल्या. "पण योग कुठला म्हणालीस?" सध्या त्या, या योगाला लागतात म्हणून, भिंतीला दोर बांधून घेण्याच्या विचारात आहेत. मी वाकण्याचं खातं परत मिळण्याची वाट बघतेय.

लेकीचा पहिला डबल्सचा सामना गेल्या शनिवारी झाला. कोचिंगमधल्याच पोरींमधला, त्यामुळे बघायला आम्ही चार पालक आणि सावलीत झोपलेलं एक कुत्रं. मार्च अजून लागला नव्हता तरी साडेनऊलाच कोर्ट तापलं होतं. तिची जोडीदार साखर पेठेतली, घरी तेलुगू बोलणारी, इतकी शांत पोरगी की तीन महिन्यांत मी तिचा आवाज ऐकला नव्हता.

डबल्समध्ये जोखमीचा चेंडू मधला. कडेचे कसे, ज्याची बाजू त्याचा चेंडू, भानगड नाही. मधला दोघांचा असतो, म्हणून कुणाचाच नसतो. साधारण रिवाज असा की ज्याचा फोरहँड, म्हणजे तळहात पुढं ठेवून मारायचा फटका, मध्ये येतो त्यानं घ्यायचा. दोघी उजव्या हाताच्या असतील तर डावीकडच्या कोर्टातलीनं. लेक उजवीकडे उभी होती, म्हणजे मधला चेंडू त्या अबोल पोरीचा. मोठे खेळाडू तर सर्व्हिसच्या आधीच ठरवून टाकतात. नेटजवळचा पाठीमागं हात नेऊन बोटांनी खुणावतो, मी इकडे सरकतोय, तू तिकडं बघ. या दोघींचे हात पाठीमागं गेले ते फक्त घाम पुसायला. सरांचा एकच मंत्र चालू होता, "आधी तोंड उघडा, मग रॅकेट."

पहिल्या सेटला मी मोजलं. चार वेळा मधला चेंडू दोघींच्या मधून निघून गेला. तीनदा दोघीही बघत राहिल्या, एकदा दोघीही धावल्या आणि रॅकेटवर रॅकेट खाडकन आपटली. ६-२ नं गेल्या. दुसऱ्या सेटला असाच एक चेंडू हळूच, अगदी हातात घ्यावा असा मध्ये आला. लेक ओरडली, "घे की!" आणि पलीकडून, तीन महिन्यांत पहिल्यांदा, "तू घे की!"

चेंडू दोन टप्पे खाऊन जाळीला जाऊन टेकला. दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या की सरांनी कपाळाला हात लावला. ६-४ नं हरल्या.

हरल्याचं दुःख बुडवायला पार्क चौपाटीवर नेलं. एक प्लेट भजी घेतली, वर हिरवी मिरची. सामन्याबद्दल दोघी एक अक्षर बोलल्या नाहीत, समोरच्या जोडीतल्या एकीच्या केसांबद्दल मात्र बरंच बोलल्या. बघता बघता प्लेट संपत आली आणि बरोबर मधोमध एक भजं उरलं.

"घे की."

"तू घे की."

पाच मिनिटं ते तसंच. शेवटी मी घेतलं. गार झालं होतं.