न हलणारं गिऱ्हाईक

माणसांचे कपडे शिवायचा नाद मी केव्हाच सोडला. मापं देताना माणूस पोट आत ओढून उभा राहतो, कपडा घालून बघताना सैल सुटतो आणि वर म्हणतो, शिवण चुकली. टेबलाचं तसं नाही. ते श्वास घेत नाही, सुटत नाही, 'काखेत जरा काचतंय' म्हणत नाही. म्हणून मी टेबलक्लॉथकडे वळले. त्यातली मेख नंतर कळली. गिऱ्हाईक जागचं हललेलंच नसेल, तर चूक ढकलायची कुणावर?

पहिलं गिऱ्हाईक होतं 60 बाय 36 इंचांचं. चारी बाजूंनी 8 इंच लोंबायला आणि दुमडीला इंचभर. हिशेब चोख, कपडा बसलाही झक्क. पहिल्या धुण्यानंतर मात्र लांबीच्या दोन्ही टोकांना तो दीड-दीड इंच वर सरकला. रुंदीत म्हणावा असा फरक नाही. विणताना मागावर उभे धागे ताणलेले असतात. पाणी लागलं की ते ताण सोडतात, म्हणून सुती कापड लांबीला जास्त आटतं. टेबल होतं तेवढंच, पण दिसायला लागलं गेल्या वर्षीची विजार घातलेल्या पोरासारखं. तेव्हापासून कापड आधी भिजवायचं, वाळवायचं, इस्त्री करायची आणि मगच कात्री लावायची.

किती लोंबू द्यायचं हे टेबलापेक्षा खुर्ची ठरवते. टेबल साधारण 30 इंच उंच, खुर्चीची बैठक 18. उरले 12. त्याहून खाली सोडलं की कापड बसणाऱ्याच्या मांडीवर येतं आणि उठताना त्याच्याबरोबर टेबलावरचं सगळं निघतं. रोजच्या वापराला 8 ते 10 इंच पुरे. जमिनीपर्यंतची झूल फोटोत राजेशाही दिसते, घरात ती केर काढते. भिंतीकडच्या बाजूला तर मी 3 इंचच सोडते. मागून बघतंय कोण? (शिवणारे बघतात. पुढून कौतुक करायच्या आधी ते कड उलटवून टीप बघतात. मीही बघते.)

कोपऱ्यांनी माझ्या किती सुया खाल्ल्या, मोजल्या नाहीत. कड दोनदा दुमडली की कापडाचे तीन थर होतात. कोपऱ्यात अशा दोन दुमडी एकमेकींवर येतात. तीन त्रिक नऊ. नऊ थरांत मशीनची सुई घालायची म्हणजे तिचा बळी द्यायचा. आता कोपऱ्याचा त्रिकोण आधी कापून टाकते आणि दोन्ही कडा 45 अंशांत तिरक्या जुळवते. जाडी जाते, आणि उगीचच आपण फार शिकलेलो आहोत असं वाटतं.

मग आलं गोल टेबल. व्यास 40 इंच, लोंबायला 10, म्हणजे 60 इंची वर्तुळ. आणि कापडाचा पन्हा 44! जोड देणं आलं. माझं डोकं म्हणालं, दोन सारखे तुकडे घे आणि मधोमध शिव. तसं केलं असतं तर टेबलाच्या छातीवरून आडवी शिवण गेली असती, ऑपरेशन झाल्यासारखी. त्यापेक्षा अख्खा पन्हा मधे ठेवायचा आणि दोन्ही बाजूंना पट्ट्या जोडायच्या. शिवणीत इंच गेला तरी मधे 43 उरतात, टेबल 40 चं, त्यामुळे दोन्ही जोड कडेच्या खाली उतरून लोंबत्या भागात दडतात. ही युक्ती मला सुचलेली नाही, पण आता ती माझीच असल्यासारखी मी सगळ्यांना सांगते.

लेसच्या बाबतीत मात्र अब्रू गेली. '60 इंचांचा तर आहे, तीन मीटर रग्गड' म्हणून आणली आणि शिवत सुटले. दोन तृतीयांशही घेर झाला नव्हता तोच लेस संपली. शाळेतला पाय अखेर टेबलाखाली सापडला: 60 गुणिले 3.14, म्हणजे 188 इंच, पावणेपाच मीटरच्याही वर. तशी लेस पुन्हा मिळाली नाही. उरलेल्या घेराला जवळपासच्या रंगाची तिरकी पट्टी लावली आणि ती बाजू भिंतीकडे फिरवली. गोल टेबलाला मागची बाजू असते, ती अशी.

त्याच टेबलक्लॉथवर पुढे शाई सांडली. धुऊन, घासून, उन्हात टाकून झालं, डाग फिकट झाला पण हटेना. शेवटी त्यावर हिरव्या दोऱ्यानं एक पान भरलं, कडेला साखळी टाका घातला. एकटं पान ओकंबोकं दिसायला लागलं म्हणून शेजारी दुसरं. तिसरं भरलं ते पेन पुन्हा गळलं म्हणून. परवा एक पाहुणी हात फिरवून म्हणाली, "वेल सुरेख आहे हो, पण एकाच बाजूला का?"

मी म्हटलं, "वाढतेय अजून."