कारण खरं लिहा

जनावरांच्या शेल्टरच्या दयामरण नोंदवहीत 'कारण' असा एक रकाना असतो. सगळ्यात जास्त खोटं तिथेच लिहिलं जातं.

कणा मोडलेलं, मूत्रपिंडं निकामी झालेलं, वेदनाशामकांनीही आराम न पडणारं जनावर असेल तर फारसा वाद नसतो. प्रश्न येतो तो धडधाकट पण घाबरलेल्या जनावराचा. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं, हात पुढे केला की फिस्कारणारं मांजर पहिल्याच दिवशी 'आक्रमक' ठरतं. त्याला लपायला पुठ्ठ्याचं खोकं द्या, पिंजऱ्यावर अर्धी चादर टाका, रोज एकाच माणसाने खायला घाला. बरीच मांजरं चार-पाच दिवसांत खोक्याबाहेर तोंड काढतात. तोवर त्याच्या स्वभावावर शेरा मारणं अन्यायच. कुत्र्यांचंही तेच: शेल्टरमध्ये ताटलीवरून गुरगुरणारे कित्येक कुत्रे घरी गेल्यावर तसं वागत नाहीत.

जागा नाही म्हणून मारत असाल, तर 'जागा नाही' असंच लिहा. मग निदान हिशेब तरी मांडता येतो. रोज 2 जनावरं येतात आणि सरासरी 30 दिवस राहतात, म्हणजे 60 पिंजरे हवेत. नसबंदी, तपासणी, फोटो यांतली रखडपट्टी थांबवून मुक्काम 20 दिवसांवर आणला, तर 40 पुरतात. त्याच इमारतीत 20 पिंजरे मोकळे! रकान्यात 'स्वभाव' लिहिलं की हा हिशेब कुणी करतच नाही.

निर्णय झालाच, तर घाई नको. इतर जनावरांपासून दूर, शांत खोलीत आधी गुंगीचं इंजेक्शन. ते पुरतं चढल्यावरच पशुवैद्याने पुढच्या पायाच्या शिरेत पेंटोबार्बिटल हे दयामरणाचं औषध द्यावं. शिरेबाहेर गेलं तर आग होते, म्हणून आधी थोडं सलाइन सोडून सुई नीट बसल्याची खात्री करावी. शुद्धीवरच्या जनावराच्या हृदयात सुई कधीही नाही. डोळे उघडेच राहतात, एखाद-दुसरा आचका येतो; शेजारी उभ्या माणसाला हे आधी सांगून ठेवावं. श्वास थांबला म्हणजे संपलं असं नाही, स्टेथोस्कोपने काही मिनिटं छाती ऐकायचीच. देह उघड्यावर टाकू नये. औषध मांसात टिकून राहतं आणि ते खाणारी गिधाडं, कुत्री मरतात.

रोज खायला घालणाऱ्याच्याच हातात सुई देऊ नका. त्याची इच्छा असेल तर डोक्यावर हात ठेवायला मात्र त्याला नक्की बोलवा.