उतारावरचं प्लॉटिंग आणि खाली गावची विहीर: माझा अनुभव

पन्हाळा तालुक्यात आमची साडेतीन एकर माळजमीन आहे, गावाचं नाव लिहीत नाही कारण अर्धं गाव आमचं पाहुणंच आहे. बाबा आणि आप्पा (माझे चुलते) यांचा सामाईक सातबारा, पाणी चढत नाही म्हणून ऊस नाही, भुईमूग आणि थोडा नाचणा सोडला तर नुसतं गवत. गावाजवळ आणि पाटबंधाऱ्यात न येणारी, त्यामुळं सगळ्यांनी ठरवलं की एनए (बिगरशेती) करून प्लॉट पाडायचे आणि कागदाचं काम मला जमतं म्हणून फाईल माझ्या गळ्यात पडली.

आता या माळाच्या मधनं एक ओघळ जाते. पावसाळ्यात वाहते, उन्हाळ्यात तिच्यात शेळ्या बसतात, कुणी तिला नाला पण म्हणणार नाही. पण ती खाली जिथं ओढ्याला मिळते तिथनं जवळच गावच्या नळपाणी योजनेची विहीर आहे. आमच्याकडं डोंगरमाथ्यावर जांभा, त्याखाली काळा कातळ आणि मधे मुरूम. पाऊस जांभ्यात मुरतो, कातळाला लागला की खाली जायला वाट नाही म्हणून आडवा सरकतो आणि खाली झऱ्यानं बाहेर पडतो. म्हणजे विहिरीत जे पाणी येतं ते आमच्या माळाखालनंच येतं. कोल्हापूर शहराला २०२३ ला काळम्मावाडी धरणावरनं थेट पाईपलाईन आली, आमच्या गावाला ती एकच विहीर.

एजंटनं पहिला नकाशा आणला तो बघण्यासारखा होता. रस्ता सरळ उतारावरनं खाली, दोन्ही बाजूला दीड-दीड गुंठ्याचे प्लॉट, साठच्या आसपास बसवलेले, प्रत्येकाला स्वतःचा सेप्टिक टँक आणि शोषखड्डा (टँकमधनं बाहेर पडणारं पाणी जमिनीत जिरवायचा खड्डा), ओघळ गायब करून रस्त्याच्या गटारात घातलेली, आणि ओपन स्पेस वरच्या कोपऱ्यात जिथं जमीन तिरकी आहे आणि प्लॉट बसतच नाही तिथं. युडीसीपीआर म्हणजे बांधकामाची २०२० ची जी एकत्रित नियमावली आहे तिच्यात एवढ्या मोठ्या लेआऊटला १० टक्के ओपन स्पेस सोडावीच लागते, आमची साधारण १४ गुंठे. एजंटच्या डोक्यात ते १४ गुंठे म्हणजे वाया गेलेली जागा, त्यामुळं ती टाकायची कुठं हा प्रश्नच त्याला पडला नव्हता. आणि मला वाटतं सगळा खेळ तिथंच आहे. जागा तर सोडायचीच आहे ना, मग ती कोपऱ्यात का, ओघळीवर का नाही?

माझी कॉलेजची मैत्रीण भूजलाचं शिकलेली, तिला एका रविवारी घेऊन गेले. तिनं ओघळीच्या बाजूला हातभर खोल चौकोनी खड्डा काढायला लावला, रात्रभर पाणी घालून भिजवून ठेवला आणि सकाळी परत भरून पट्टी उभी करून घड्याळ लावलं. २५ मिलीमीटर उतरायला किती वेळ लागतो ते बघायचं असतं, अर्ध्या तासापेक्षा जास्त लागला तर शोषखड्डा चालत नाही. आमच्या खड्ड्यातलं पाणी बघता बघता गेलं. एजंट खूश, "बघा मॅडम कसं जिरतंय, एक नंबर जमीन!" मैत्रीण म्हणाली, "अगं हेच तर वाईट आहे, एवढ्या लवकर जातंय म्हणजे मुरमाच्या फटीतनं जातंय, गाळलं जायला वेळच नाही." सेप्टिक टँकचं पाणी बाहेर पडतं तेव्हा ते स्वच्छ नसतंच, जंतू मातीत अडकून मरतात म्हणून शोषखड्डा. माती नाही, नुसत्या फटी असल्या की ते तसंच पुढं. आणि नायट्रेट तर मातीत पण थांबत नाही, पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. नियमात शोषखड्डा विहिरीपासनं १८ मीटर लांब असावा असं आहे, आमचा सगळ्यात खालचा प्लॉट पण त्याच्या कितीतरी लांब होता, म्हणजे कागदावर सगळं ओके. पण १८ मीटर हा आकडा मातीच्या जमिनीत ठीक, फुटलेल्या खडकावर त्याच्या भरवशावर राहू नका असं तिचं म्हणणं.

आप्पांना हे पटवणं सगळ्यात अवघड गेलं. "आमच्या आज्ज्यापासनं ढोरं तिथंच चरतात, कुणाला काय झालं?" मी म्हटलं आप्पा, ढोरं वीस होती, आता साठ घरं म्हणजे अडीचशे माणसं रोज, बारा महिने. तरी ऐकंनात. मग काकू मधे पडली, तिचं माहेर इचलकरंजी. २०१२ ला तिथं काविळीची साथ आली होती, माणसं दगावली होती, तिच्या माहेरच्या गल्लीत घरटी कुणी ना कुणी पडलेलं. ती एवढंच म्हणाली की सांडपाणी पिण्याच्या पाण्यात गेलं की काय होतं ते मला सांगू नका, मी बघितलंय. आप्पा गप्प. पण एक अट घातली, प्लॉट लय कमी व्हायचे नाहीत.

मग आर्किटेक्ट बदलला (एजंटपण, ते वेगळं रामायण). आधी टोटल स्टेशननं (मोजणीचं यंत्र) कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा, काढले. हे नाहीतरी लागतंच, कारण एकास पाचपेक्षा जास्त उतारावर (पाच फूट आडवं गेलं की एक फूट उतार) बांधकामाला परवानगी नाही, आणि आमचा वरचा कोपरा त्यातच गेला. नवीन नकाशात रस्ता उताराला आडवा, कंटूरच्या कडेनं घेतला, त्यामुळं पावसाचं पाणी रस्त्यावरनं धावत खाली येत नाही. प्लॉट सगळे ओघळीपासनं लांब, पूर्वेच्या सपाट अंगाला एकमेकाला लागून. शोषखड्डे काढूनच टाकले, सेप्टिक टँकचं पाणी बंद पाईपनं एकत्र करून विहिरीच्या पाणलोटाच्या बाहेर, पलीकडच्या उतारावर न्यायचं, तिथं ते साफ करायला गाळणीचा खड्डा आणि कर्दळीचा वाफा. ओघळ आहे तशी, दोन्ही काठाला गवत आणि करंज, आणि ती आमची ओपन स्पेस. प्लॉट चार-पाचच कमी झाले, आणि गटार, मोऱ्या, भराव यांचा जो खर्च ओघळ बुजवायला येणार होता तो वाचला. आप्पांनी हिशोब स्वतः परत मांडून बघितला मग सही केली.

फाईल मंजुरीला सरकारी कचेरीत गेल्यावर अडली ती भलत्याच ठिकाणी. ओपन स्पेस ओघळीच्या दोन्ही बाजूनं लांब पट्टीसारखी दाखवली होती आणि चिंचोळी पट्टी धरत नाहीत, रुंदी पाहिजे, रस्त्यावरनं वाट पाहिजे, लोकांना वापरता आली पाहिजे. त्रुटीपत्र आलं, त्यात फक्त नियमाचा नंबर, पुढं काय करायचं ते काहीच नाही. त्या टेबलवरचे साहेब म्हणाले, "एवढा उपद्व्याप कशाला, कोपऱ्यात टाका की सरळ, सगळे तसंच करतात." शेवटी ओघळीच्या वरच्या आणि खालच्या तोंडाला दोन रुंद तुकडे केले आणि त्यातच १४ गुंठे बसवले, मधली पट्टी हिशोबात न धरता नुसती मोकळी ठेवली. दोन प्लॉट त्यात गेले. एक सांगते, हे आधी माहीत असतं तर नकाशा त्याच पद्धतीनं काढला असता, म्हणून तुमच्या आर्किटेक्टला ओपन स्पेसची रुंदी पहिल्याच दिवशी विचारा.

ग्रामपंचायतीत मात्र उलटा अनुभव. सरपंचबाईंनी नकाशा बघितला, विहिरीवर बोट ठेवलं आणि विचारलं बोअर किती मारणार? सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासनं ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर-बोअर घ्यायची नाही, हे १९९३ च्या कायद्यापासनं आहे. आम्ही खरेदीपत्रातच अट घातली की प्लॉटमधे बोअर नाही, शोषखड्डा नाही, सांडपाणी सामाईक लाईनलाच जोडायचं. एजंट म्हणत होता असल्या अटींनी गिऱ्हाईक पळतं. एक-दोन पळाली पण. बाकीच्यांनी उलट विचारलं की विहिरीचं पाणी तपासलंय का, तर तो रिपोर्ट आम्ही कामाच्या आधीच प्रयोगशाळेतनं काढून ठेवलाय, पुढं काही बदललं तर कळावं म्हणून.

तात्पुरती मंजुरी हातात आहे. फायनल मंजुरीला रस्ता, गटार, पाईपलाईन पूर्ण लागते, त्यातलं पाईपलाईनचं चालू आहे आणि कर्दळीचा वाफा मृगाच्या आत लावायचाय. काँट्रॅक्टर ओघळीच्या काठाला मुरूम टाकत होता, त्याला काल आप्पांनीच हाकललं.