तुम्ही विचारलंत म्हणून: लाकडाच्या वासाचा परफ्युम कोणाला शोभतो

ऑफिसात विचारतात, लग्नाच्या हॉलमध्ये विचारतात, बेळगावहून खानापूरला जाणाऱ्या बसमध्ये शेजारी बसलेल्या अक्कासुद्धा विचारतात, हा कसला वास गे, आणि असला मला शोभेल काय. म्हणून एकदा नीट लिहूनच टाकते. मी लावते ते चंदन, वाळा, देवदार असल्या वासांचं, दुकानात ज्याला वुडी म्हणतात. आणि शोभेल काय याचं माझं उत्तर असं आहे की ज्याला थांबता येतं त्याला हा वास शोभतो. बाई का पुरुष, वय किती, रंग कसला, याचा काही संबंध नाही.

थांबणं का म्हणते ते सांगते. लिंबा-संत्र्याच्या सालीत जे लिमोनीन असतं त्याच्या रेणूत कार्बनचे 10 अणू, हलकं, अंगावर पडलं की उडायला लागतं, त्यामुळं पहिल्या 5-10 मिनिटांत त्याचाच बोलबाला. चंदनातलं सँटॅलॉल 15 कार्बनवालं, जड, ते सावकाश उठतं आणि मग संध्याकाळपर्यंत हलत नाही. वाळ्याच्या तेलाचं पण तसंच. आता दुकानात आपण काय करतो, कागदाच्या पट्टीवर स्प्रे मारून घेतो, एकदा हुंगतो आणि लगेच छान किंवा छे म्हणतो, म्हणजे जे उडून जाणार त्याच्यावर निकाल देतो आणि जे राहणार ते आपल्याला भेटतच नाही. वुडी परफ्युम सुरुवातीला बऱ्याच वेळा साधा, थोडा कडूसर पण वाटतो. अर्धा तास दिलात तर उघडतो.

आता माणसं बघा. माझ्या जांबोटीच्या मामी आहेत, त्यांच्या माजघरात कोण ना कोण भांडण घेऊन आलेलंच असतं, वाटणीचं, सुनेचं, बांधाचं, आणि मामी सुपारी कातरत सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतात, मधे एक शब्द नाही, आणि मग एकच वाक्य बोलतात आणि आलेलं माणूस उठून घरी जातं. त्या खोलीत आल्या हे कधी कळत नाही पण उठून गेल्या की खोली रिकामी वाटते. मी त्यांना चंदनाचं अत्तर दिलं आणि ते त्यांच्या अंगावर असं बसलं की घरच्यांना वाटतं मामींना पहिल्यापासून हाच वास होता. उलट माझा एक चुलतभाऊ, मार्केटिंगमध्ये, दिवसाला कितीतरी अनोळखी दारं ठोठावतो, त्याचं काम पहिल्या दोन मिनिटांत होतं किंवा होतच नाही, त्याला मी लिंबूवर्गातलाच काहीतरी सांगितला. त्यात कमीजास्त काही नाही, त्याचा स्वभाव तसा आहे आणि तो वास त्याला खुलतो.

चंदनाचं झाडच मुळी बिनघाईचं. त्याची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांना धरून अन्नपाणी घेतात, वरचं पांढरं लाकूड वास देत नाही, वास असतो तो आतल्या गाभ्याला आणि तो गाभा धरायला वर्षानुवर्षं जातात. टिपू सुलताननं 1792 मध्ये या झाडाला राजवृक्ष ठरवलं, तेव्हापासून चंदन सरकारचं, तुमच्या अंगणात उगवलं तरी. कर्नाटकात कायदा बदलला 2001 मध्ये आणि मग जमीनमालकाला आपल्या रानातलं चंदन आपलं म्हणता आलं. आणि आपल्याला हा वास नवा कुठं आहे, म्हैसूर संस्थानचा सरकारी साबण कारखाना 1916 चा, बेळगावात घरात मराठी बोला नाहीतर कन्नड, न्हाणीतला सँडल साबण एकच असायचा की. आपलं नाक चंदनावर वाढलंय.

वाळ्याचं पण तेच. उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकलेली असते ना, त्याच मुळांच्या तेलावर गेर्लां या फ्रेंच कंपनीनं 1959 मध्ये व्हेतिव्हर नावाचा परफ्युम काढला आणि तो अजून विकला जातो. एकदम नुसता वाळा झेपणार नाही असं वाटत असेल तर एर्मेस या दुसऱ्या फ्रेंच कंपनीचा तेर द'एर्मेस, 2006 चा, त्यात वरून संत्रं आहे आणि खाली लाकूड आणि वाळा, पहिल्यांदा वुडी लावणाऱ्याला मी तोच हुंगून बघायला सांगते, महाग आहे पण दुकानात हुंगायला पैसे पडत नाहीत. आणि जंगलातल्या ओल्या खोडाचा जो वास काही परफ्युममध्ये येतो तो ओकमॉसचा, म्हणजे झाडावर वाढणारं शेवाळासारखं लायकेन, आणि आपल्या मसाल्यातलं दगडफूल पण लायकेनच. मसाला भाजताना ज्यांना दगडफुलाचा वास आवडतो त्यांना हे परफ्युम आवडतात असा माझा अनुभव आहे.

खानापूरकडच्या लोकांना मी आणखी एक सांगते, मिट्टी अत्तर घ्या. उत्तर प्रदेशात कनौजला भाजलेली माती तांब्याच्या डेगमध्ये, म्हणजे मोठ्या हंड्यात, पाण्याबरोबर उकळतात आणि ती वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात. कौलांच्या भट्ट्या आणि कुंभारवाडे बघत मोठ्या झालेल्या माणसाला या अत्तराची ओळख करून द्यावी लागत नाही, मनगटावर लावलं की डोळे मिटतात, मी बघितलंय.

पावसाचं एक लक्षात ठेवा. जूननंतर आपल्याकडं कपडे वाळत नाहीत, त्या दमट वासात वाळा लावला तर कोंदट होतो, तेव्हा मी देवदार लावते, तो कोरडा असतो. वाळा मार्च ते मे. आणि आपल्याला वास येईना झाला म्हणून परत परत मारू नका, आयसो ई सुपर म्हणून एक कृत्रिम लाकडी रेणू आजकाल भरपूर परफ्युममध्ये असतो, तो काही जणांना मधेच कळेनासा होतो आणि शेजाऱ्याला मात्र येत असतो. घरातल्या कुणाला तरी विचारा.

किमतीचं पण विचारता. शंभर-दोनशेत शुद्ध चंदन मिळत नाही, खऱ्या चंदनतेलाचा भाव फार वरचा आहे, त्या बाटलीत असतं ते बहुतेक प्रयोगशाळेतलं चंदन. त्यात लाजण्यासारखं काही नाही, मोठे मोठे परफ्युमवाले तेच वापरतात, तोडलेल्या झाडापेक्षा मला ते बरंच वाटतं. बेळगावच्या खडेबाजारात एखाद्या अत्तरवाल्याकडं जा, मनगटावर थेंब लावून घ्या, लगेच काही घेऊ नका, गणपत गल्लीतनं भाजी घेऊन या, आणि परत येताना अजून आवडत असेल तर छोटी बाटली घ्या. फक्त अत्तर शहापुरी साडीवर थेट लावू नका, तेलाचा डाग जात नाही, कोपराच्या आतल्या बाजूला लावा.