झाबुआचे लाल हापसे आणि टाकळ्याची भाजी

मेघनगर स्टेशनला उतरले तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. तिथून झाबुआ जवळच, जीप मिळते. मध्य प्रदेशातला हा भिल्लांचा जिल्हा, गुजरातला लागून. गाव म्हणजे सलग वस्ती नाहीच, टेकडीटेकडीवर सुटी सुटी घरं, अशा काही घरांचा मिळून एक फळिया. सगळीकडे मका कमरेएवढा वाढलेला. फिरायला एकदम मस्त एरिया, पण मी गेले होते ते इथलं पाणी बघायला.

इथल्या बऱ्याच हापशांच्या पाण्यात फ्लोराइड आहे. पूर्वी लोक उघड्या विहिरींचं पाणी प्यायचे, त्यातून नारू (अंगात लांब जंत वाढतो तो रोग) व्हायचा, म्हणून हापसे आले. नारू गेला, 2000 साली देश नारूमुक्त जाहीर झाला, पण खोल खडकात वर्षानुवर्षं मुरलेलं पाणी वर यायला लागलं आणि त्यासोबत खडकातलं फ्लोराइडही. याला ना वास ना चव, आणि उकळून ते जातही नाही, उलट पाणी आटतं तसं प्रमाण वाढतं. आपल्याकडे मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम, दुसरी सोयच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात.

ओळखीतला एक दादा इथे फ्लोरोसिसवर, म्हणजे जास्त फ्लोराइडमुळे दात आणि हाडं बिघडतात त्या आजारावर, काम करतो, त्याच्या बाईकवर मागे बसून फिरले. एका हापशावर त्याने छोट्या बाटलीत पाणी घेतलं, त्यात किटमधलं औषध टाकलं. आधी गुलाबी दिसलं आणि बघता बघता पिवळं पडलं. पिवळं म्हणजे फ्लोराइड जास्त. बाजूला हंडे घेऊन उभ्या बायका बाटलीकडेच बघत होत्या, एका काकींनी तर बाटली हातात घेऊन उजेडात धरली. असा हापसा मग लाल रंगवतात, म्हणजे धुण्याभांड्याला चालेल, प्यायला नाही. रिपोर्ट ऑफिसात पडून राहण्यापेक्षा हे लाख पटीने बरं, कारण वाचता न येणाऱ्यालाही कळतं.

शाळेत दादाने मुलांची हाडं-सांधे आखडलेत का ते बघायला तीन गोष्टी करायला सांगितल्या: हनुवटी छातीला लावा, हात डोक्यामागे न्या, गुडघे न वाकवता पायाचे अंगठे धरा. बहुतेकांना जमलं. एक मुलगा अर्ध्यात थांबला, त्याचे गुडघे आत वळलेले होते, दातांवर तपकिरी आडवे पट्टे. मला पुढचं काही विचारवेना.

आणंदच्या इनरेम फाउंडेशनने इथे बरीच वर्षं काम केलंय. त्यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे ते नुसत्या फिल्टरवर थांबले नाहीत. फ्लोराइड शोषून घेणाऱ्या अ‍ॅल्युमिनाच्या दाण्यांचे घरगुती फिल्टर दिले, पण त्यातले दाणे काही काळाने धुऊन पुन्हा तयार करावे लागतात आणि ते करणारं कोणी नसेल तर फिल्टर कोपऱ्यात पडतो. म्हणून पाण्यासोबत ताटाकडेही लक्ष दिलं. जेवणात कॅल्शियम असेल तर ते पोटातच फ्लोराइडला धरून ठेवतं, शरीरात कमी शोषलं जातं. सोबत मॅग्नेशियम आणि क जीवनसत्त्व हवं. आता कॅल्शियमच्या गोळ्या रोज कोण आणणार, पण कॅल्शियम असलेला टाकळा बांधावर फुकट उगवतो! आपल्या कोकणात पावसाळ्यात खातात ना, तोच. एका घरी पाला सुकवून कुटून ठेवलेला होता, उन्हाळ्यात भाजीत टाकायला. त्याच घरी मक्याची भाकर आणि टाकळ्याची भाजी जेवले, किंचित कडसर, पण मस्त लागते. आवळाही खायला सांगतात, क जीवनसत्त्वासाठी. चांगलं पाणी आणि असा आहार मिळाला की लहान मुलांमध्ये फरक पडतो असं दादा सांगत होता. मोठ्यांची वाकलेली हाडं मात्र सरळ होत नाहीत, त्यामुळे जे करायचं ते लहानपणीच.

आणि हे फक्त झाबुआचं नाही. आपल्या यवतमाळमध्ये पांढरकवडा भागातल्या भूजलातही फ्लोराइड सापडलंय. तिकडचं कोणी वाचत असेल तर प्लीज, घरच्या बोअरचं पाणी लॅबमध्ये तपासून घ्या, आणि तपासायला देताना फ्लोराइडचं नाव घेऊन सांगा.