सेफ्टी बुटाचं चवड्यावरचं गार्ड बनवताना

माझ्या टेबलावर तो बूट आला तेव्हा त्याची टो कॅप, म्हणजे बोटांवरचं कडक कवच, शाबूत होती. चामड्यावर एक आडवा चरा, एवढीच खूण. बूट फॅब्रिकेशनमधल्या एका ज्येष्ठ फिटरचा होता, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. घोड्यावर (काम करताना पाइप टेकवायच्या स्टँडवर) ठेवलेला पाइप घरंगळला आणि थेट पायावर आला. बोटं वाचली, पण बोटांच्या मागची दोन हाडं मोडली. चरा टो कॅपच्या मागच्या कडेपासून जेमतेम दोन बोटं अंतरावर होता.

पादत्राणांचं डिझाइन हे माझं काम. तोवर माझा सगळा वेळ सोलची पकड, टाचेचा उंचवटा, आतली उशी यात जायचा. टो कॅप आहे म्हणजे पाय झाकला गेला, असं मीही धरून चालले होते. त्या दिवशी मी खडूने बुटावर टो कॅपची मागची कड आखली आणि तिच्या मागे किती पाय उघडा राहतो ते पहिल्यांदा नीट पाहिलं. पावलात २६ हाडं असतात. त्यातली १४ बोटांची, तीही सगळी टो कॅपखाली येतातच असं नाही. मागची ७ घोट्याकडची. मधली ५ लांब हाडं म्हणजे मेटाटार्सल. ती पावलाच्या वरच्या बाजूने कातडीला जवळजवळ चिकटून जातात. अनवाणी बसून पावलावर बोट फिरवा, मांस लागतच नाही. वरून पडणाऱ्या वस्तूच्या आणि या हाडांच्या मध्ये असतात फक्त नाड्या, बुटाची जीभ आणि मोजा.

या हाडांवरच्या संरक्षणाला कारखान्यात 'मेट गार्ड' म्हणतात. ते आमच्या बुटाला बसवायचं, असं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं.

आधी मानकं वाचून काढली. आयएसओ २०३४५ या सेफ्टी बुटांच्या आंतरराष्ट्रीय मानकात टो कॅपला २०० ज्यूलचा आघात सोसावा लागतो, मेटाटार्सल गार्डला १०० ज्यूलचा. १०० ज्यूल म्हणजे २० किलोचं वजन साधारण ५१ सेंटिमीटरवरून सोडल्यावर जेवढी ऊर्जा मिळते तेवढी. चाचणीत बुटात मेणाचं पाऊल घालतात, वर वजन सोडतात आणि दबलेल्या मेणाची उंची मोजतात. ४१-४२ मापाच्या बुटात ती किमान ४० मिलिमीटर उरली पाहिजे. गार्ड मोडलं की वाकलं याला फारसं महत्त्व नाही, आत पायाला जागा किती उरली यावर निकाल लागतो. हे वाक्य मी कागदावर लिहून भिंतीला लावलं होतं. तरी पहिल्याच नमुन्यात विसरले.

पहिला नमुना म्हणजे ३ मिलिमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. फर्म्यावर ठोकून पावलाच्या आकाराचा केला आणि सोलच्या खालून वादी घेऊन बांधला. दोन उभ्या पाइपांमधून सरकणारं वजन आणि त्याच्या टोकाला इंचभर व्यासाचा आडवा लोखंडी दांडा, अशी चाचणीची सोय आम्ही वर्कशॉपमध्येच केली होती. वजन सोडलं. पत्र्यावर किंचित पोचा आला. बूट उघडून मेण बाहेर काढलं तर त्याचा पार चेंदामेंदा. पत्रा जिभेला घट्ट चिकटून होता, त्यामुळे आलेला सगळा भार त्याने तसाच्या तसा पायावर टाकला होता. पत्रा वाचला होता, पाय नाही.

त्या रात्री हिशेब मांडला. १०० ज्यूल १० मिलिमीटरमध्ये थोपवायचे तर सरासरी १० हजार न्यूटन बल येतं, म्हणजे जवळजवळ एक टनाचा भार. तेच २५ मिलिमीटरमध्ये थोपवले तर ४ हजार न्यूटन. गार्ड नुसतं कडक असून भागत नाही. त्याला हळूहळू दबायला वाव हवा, आणि येणारा भार पाय सोडून दुसरीकडे उतरायला वाट हवी. बुटात अशा दोन जागा आहेत. पुढे टो कॅप, जी मुळात २०० ज्यूलसाठी बनलेली असते, आणि दोन्ही बाजूंना सोलची कड. म्हणून दुसऱ्या नमुन्याला कमानीचा आकार दिला. पुढची कड टो कॅपवर सेंटिमीटरभर चढलेली, बाजूचे दोन पाय सोलच्या कडेवर टेकलेले आणि मध्ये जिभेपासून मोकळी फट. वजन सोडलं, मेण काढलं, व्हर्नियर लावला. ४३ मिलिमीटर. मी तीनदा मोजलं.

या नमुन्याचे सहा जोड सहा जणांना दोन आठवड्यांसाठी वापरायला दिले. तिसऱ्या दिवशी गेले तर चार जणांनी गार्ड काढून लॉकरमध्ये ठेवलेले. मला वाईट वाटलं, थोडा रागही आला. त्यांच्यातला एक तरुण फिटर म्हणाला, "ताई, उभं राहायला छान आहे. पण आम्ही उभे असतो कुठे?"

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी त्यांच्यात जाऊन बसले. फिटर कितीदा खाली बसतो हे मोजायला घेतलं आणि तासाभरात मोजणं सोडून दिलं. टॅक (वेल्डिंगचा तात्पुरता टाका) मारायला बस, माप घ्यायला बस, क्लॅम्प आवळायला बस. डावं पाऊल सपाट, उजवा पाय चवड्यावर, टाच उचललेली. अशा वेळी बूट बोटांच्या मुळाशी दुमडतो, तिथे चामड्याला कायमची सुरकुती पडलेली असते. आणि माझं गार्ड त्या सुरकुतीच्या आरपार, टो कॅपपासून घोट्यापर्यंत एकसंध. बूट दुमडला की गार्ड दुमडायला तयार नाही, मग त्याची वरची कड घोट्याच्या खोबणीत रुतते. त्या मुलाने बूट काढून मोजा खाली केला. पायावर अर्धचंद्राच्या आकाराचा लाल वळ होता, एका टोकाला कातडी सोलवटलेली. तो वळ माझ्या गार्डच्या कडेशी तंतोतंत जुळत होता.

या कामाचा खरा पेच इथे आहे. पाऊल जिथे वाकलंच पाहिजे, नेमकं तिथेच कडक आवरण हवं. कारण टो कॅपला टेकायचं तर ती सुरकुती ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही.

घरी फाइलच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या, बुटावर एकावर एक टाचणीने अडकवल्या, बूट घालून खाली बसले, उठले, पुन्हा बसले. खवल्या मांजराच्या अंगावर खवले सरकतात तशा पट्ट्या एकमेकींवर सरकायला हव्या होत्या. पूर्ण बसल्यावर वरची बाजू सेंटिमीटरभर आखडते, तेवढी सरक हवीच. तीन पट्ट्या पुरल्या. पहिली टो कॅपवर टेकलेली, दुसरी सुरकुतीच्या मागे, तिसरी घोट्याच्या खोबणीखाली थांबणारी. दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्टीला सोलवर टेकायला स्वतःचे पाय. बसल्यावर तिसरी पट्टी दुसरीवर चढते आणि घोटा मोकळा राहतो.

पट्टीवर पट्टी कशी चढवायची, यात मात्र तीन आठवडे गेले. पुढून चालताना काही अडकू नये म्हणून मी पुढची पट्टी वर आणि मागची तिच्या खाली घेतली होती. वेल्डरनी वापरून परत दिलेला बूट पाहिला तर पट्टीच्या फटीत स्पॅटरचे, म्हणजे वेल्डिंग करताना उडणाऱ्या वितळलेल्या धातूचे, बारीक गोळे अडकलेले, आणि एका जागी शिवणीचा दोरा जळून सुटलेला. पावलाचा उतार घोट्याकडून बोटांकडे असतो. वरून आलेली ठिणगी या उतारावरून खाली जाते आणि वर तोंड असलेल्या फटीत जाऊन बसते. कौलारू छपराचं कौल कधी उलटं बसवत नाहीत, ते याच कारणाने. मग क्रम बदलला, घोट्याकडची पट्टी वर, बोटांकडची खाली. ठिणग्या घरंगळून जाऊ लागल्या, पण आता प्रत्येक पट्टीची कड पुढे तोंड करून उभी राहिली. शिडीच्या पायरीखाली पाऊल सरकवलं की कड अडकायची. उंचावर काम करणाऱ्या माणसाचा बूट शिडीत अडकणं मला पाइप पडण्याइतकंच धोक्याचं वाटत होतं. शेवटी कडा तिरक्या घासून पातळ केल्या आणि सगळ्यावर एक सलग चामड्याची झडप घेतली, तीही नाड्या झाकणारी, सहज न जळणाऱ्या अ‍ॅरामिड दोऱ्याने शिवलेली. चामडं कधीतरी फाटेलच, तेव्हा खालची पट्टी कौलासारखीच असावी म्हणून क्रम मात्र तोच ठेवला.

पट्ट्या कशाच्या करायच्या, याचं उत्तर एका चुकीने दिलं. पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक मला फार आवडलं होतं. हलकं, आघाताला भक्कम. आमच्या वजनाखाली ते सहज टिकलं. पण वापरातल्या एका जोडीत रिव्हेटच्या भोकापासून केसासारखी चीर गेलेली दिसली. त्यावर काही पडलं नव्हतं. चौकशी केल्यावर कळलं, तिथे भागांवरचं ग्रीस काढायला सॉल्व्हंट वापरतात आणि त्याच फडक्याने बूटही पुसतात. पॉलिकार्बोनेटवर आधीच ताण असला आणि त्याला असं सॉल्व्हंट लागलं की ते चिरतं, आणि रिव्हेटने आवळलेल्या भोकापाशी ताण कायम असतोच. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, तरी फडक्याचा विचार मी केला नव्हता. मग कठीण थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनच्या साच्यात घडवलेल्या पट्ट्या घेतल्या, भोकं काढून टाकली, शिवणीसाठी कडेला पातळ ओठ ठेवला.

पट्ट्यांच्या खाली फोमचा थर आहे. हळू दाबला तर मऊ, झटका बसला तर कडक होणारा. हे पदार्थ पाहताना कुणीही भुलून जाईल, मीही भुलले होते. पण एक तुकडा रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला तर सकाळी फळकुटासारखा झाला, आणि भट्टीजवळच्या उष्णतेत तोच फोम लोळागोळा. म्हणून ठरवलं की आघात पट्ट्यांनी आणि कमानीने झेलायचा. फोम पायाला टोचू नये म्हणून, आणि उरलंसुरलं शोषायला. मेणाच्या उंचीच्या हिशेबात तो धरायचाच नाही.

वादी की कायमची शिवण, यावर आमच्यात बराच वाद झाला. वादीचं गार्ड कुठल्याही बुटावर चढवता येतं, स्वस्त पडतं. पण वादी ढिली होते, गार्ड एका कुशीवर फिरतं, वेल्क्रोत लोखंडाचा कीस भरतो. आणि काढता येणारी वस्तू लॉकरमध्ये जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मानकही तेच सांगतं, गार्ड बुटाला असं जोडलेलं हवं की बुटाची नासधूस केल्याशिवाय निघू नये. शिवण ठरली.

प्रमाणपत्रासाठी बूट चाचणीला गेले, लहान, मध्यम आणि मोठ्या मापात. मध्यम आणि मोठं पास. सर्वांत लहान नापास. खर्च वाचवायला सर्व मापांना पट्ट्यांचा एकच संच वापरायचा, असं वरून ठरलं होतं आणि मी त्याला मान डोलावली होती. लहान बुटावर कमानीचे पाय सोलच्या कडेबाहेर जात होते. वजन पडताच एक पाय घसरला आणि कमान आडवी झाली. मी स्वतः ३७ मापाचा बूट घालते. शॉप फ्लोअरवरच्या बहुतेक बायकांची मापं त्याच्या आसपासची. म्हणजे आमचंच संरक्षण त्या संचात धरलेलं नव्हतं, आणि डिझाइन माझं होतं. नव्या साच्यांच्या खर्चाला आधी नकार आला. मी तो घसरलेल्या कमानीचा बूट आणि त्यातलं मेण बैठकीत टेबलावर ठेवलं. मेणात कमानीच्या पायाची खोल खाच उमटली होती. तीन मापांचे तीन संच मंजूर झाले, आणि पुढच्या फेरीत तिन्ही पास झाले.

मामा परत कामावर आले तेव्हा पहिल्या जोडांपैकी एक त्यांना दिला. त्यांनी तो घातला, काही न बोलता चवड्यावर बसले, थोडे पुढे झुकले, उठले. मग दुसऱ्या पायावर भार घेऊन पुन्हा बसले. "घोट्याला लागत नाही," म्हणाले, आणि कामाला गेले.

पाच महिन्यांनी त्याच खात्यातून एक बूट माझ्याकडे आला. क्लॅम्प सुटून अँगलचा तुकडा पडला होता, दुसऱ्या पट्टीवर. चामडं फाटलं होतं, पट्टीवर पांढरट आडवी रेघ होती. पाय काळानिळा झाला, हाड मोडलं नाही. बूट त्याच तरुण फिटरचा, ज्याने मला वळ दाखवला होता. झडप शिवून बूट परत मिळेल का, असं तो विचारत होता, जोड पायाला चांगला बसला होता म्हणे. एकदा आघात झेललेला बूट पुन्हा वापरायचा नसतो, पट्टीच्या आत काय झालंय ते वरून दिसत नाही, हे मी त्याला समजावलं. त्याच मापाचा नवा जोड काढून त्याच्या हातात दिला. जुना माझ्या टेबलावर आहे, मामांच्या बुटाशेजारी. पट्टीवरची रेघ आणि मामांच्या बुटावरचा चरा, दोन्ही टो कॅपपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत.